दुकान-कारखान्यासाठी बॅटरी : शिसे, निकेल की लिथियम?

कापडाच्या व्यापाऱ्याने बॅटरीवर लेख लिहावा याचे काही वाचक बांधवांना नवल वाटेल. आम्ही विजेचे इंजिनिअर नाही आणि बॅटरीचे विक्रेतेही नाही. मालेगावात ग्रे कापडाची खरेदी-विक्री हा आमचा धंदा. परंतु गेल्या वीस वर्षांत दुकान, गोदाम आणि घर मिळून किती बॅटऱ्या आल्या आणि भंगारात गेल्या, याचा हिशेब आम्ही जुन्या वह्या काढून मांडला, तेव्हा आमचे डोळे उघडले. सुताचा भाव किलोमागे दोन रुपयांनी चढला तर आम्ही दहा ठिकाणी चौकशी करतो. पंधरा-वीस हजारांची बॅटरी मात्र विकणारा बोट दाखवील ती उचलून आणतो. हा कसला व्यापार?

आमच्या वह्यांतले सर्वांत मोठे नुकसान २०२० सालचे आहे, आणि त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमचाच आहे. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आम्ही आगीच्या भीतीने दुकानाचा मेन स्विच पाडून घरी आलो. इन्व्हर्टर मात्र चालूच राहिला. वीज नाही म्हणून तो बॅटरीवर गेला, बॅटरी रिकामी करून बंद पडला आणि ती रिकामी बॅटरी कडक उन्हाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ तशीच पडून राहिली. दुकान उघडल्यावर मिस्त्रीने मीटर लावले तर आठ व्होल्ट. तो म्हणाला, "शेठ, हिला पाणी नाही, आता माती द्या." दीड वर्षाची बॅटरी होती. वॉरंटीत मागितली तर "डीप डिस्चार्ज" म्हणून परत पाठवली गेली, आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे योग्य होते.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. उर्दू शाळेत विज्ञानाच्या किताबात आम्ही "तेजाब" आणि "सीसा" हे शब्द पाठ केले होते, मार्कही मिळवले होते. तेजाबात बुडालेला सीसा म्हणजेच आपल्या काउंटरखालची बॅटरी, हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

शिशाची बॅटरी

फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली ही बनवली. पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. दीडशेहून अधिक वर्षे झाली तरी बाजारात ती टिकून आहे, यावरूनच तिची किंमत ओळखावी. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचे सौम्य अॅसिड. एका खान्यात साधारण दोन व्होल्ट, सहा खाने मिळून बारा व्होल्ट. बॅटरी वापरली जाते तेव्हा अॅसिडातले गंधक पट्ट्यांवर बसून लेड सल्फेट तयार होते आणि अॅसिड पातळ होत जाते. चार्ज केली की हे उलट घडते. म्हणूनच मिस्त्री ग्रॅव्हिटी मीटरने अॅसिड ओढून पाहतो. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर काटा १२४० च्या आसपास असतो, पार रिकामी झाली तर ११२० च्या जवळ येतो. सहा खान्यांपैकी पाच १२४० आणि एकच ११५० दाखवत असेल तर तो एक खाना बसला असे समजावे, आणि एक खाना बसला की बॅटरी गेली.

पट्ट्यांवरचे हे सल्फेट ताजे असेपर्यंत चार्जिंगने विरघळते. बॅटरी रिकामीच ठेवली तर त्याचे खडे होतात आणि मग ते सुटत नाहीत. आमच्या बॅटरीला हाच रोग झाला. शिशाच्या बॅटरीला भुकेले ठेवणे हा सर्वांत मोठा गुन्हा आहे. दुकान आठ दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर एक तर इन्व्हर्टरला वीज चालू ठेवावी, नाही तर बॅटरी पूर्ण भरून तिची वायर टर्मिनलवरून काढून ठेवावी आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा भरावी.

दुसरा शत्रू गरमी. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि आम्ही बॅटरी कुठे ठेवतो, तर पत्र्याच्या पोटमाळ्यावर! कंपनीच्या कागदावर पाच-सहा वर्षे लिहिलेली असतात. पोटमाळ्यावर ती तीन वर्षांत दम तोडते आणि आम्ही कंपनीला शिव्या देतो.

घेताना पट्टीचा प्रकार विचारावा. सपाट पट्टीची बॅटरी स्वस्त पडते, पण रोज खोलवर वापरली तर लवकर झिजते. ट्युब्युलरमध्ये पट्टीचा मसाला नळीत भरलेला असतो, तो झडत नाही. जिथे रोज वीज जाते तिथे सपाट पट्टी घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. सील केलेल्या बॅटऱ्याही शिशाच्याच असतात. वजनकाट्यात, इमर्जन्सी दिव्यात आणि संगणकाच्या यूपीएसमध्ये त्याच असतात. त्यांत पाणी घालावे लागत नाही, म्हणून लोक त्यांना विसरतात आणि मग एके दिवशी ऐन गिऱ्हाइकापुढे काटा बंद पडतो. काटा रोज रात्री चार्जिंगला लावावा. दुकान बंद ठेवायचे असेल तर आधी भरून ठेवावा.

आता "१५० एएच" या आकड्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच फसगत होते. बारा व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, म्हणजे विजेच्या भाषेत पावणेदोन युनिटांपेक्षा थोडे अधिक. पण हा आकडा सी-२० चा आहे की सी-१० चा, हे लेबलवर पाहावे. सी-२० म्हणजे वीस तासांत सावकाश रिकामी केली तर १५० मिळतील. दुकानात आपण ती तीन-चार तासांत रिकामी करतो. शिशाचा स्वभाव असा की घाईने मागाल तितके ती कमी देते. सी-२० ची १५० ही सी-१० ला १२० ते १३० च्या आसपास उतरते. दोन बॅटऱ्यांवर एकच आकडा असेल आणि एक सी-१० ची असेल तर तिच्यात माल जास्त आहे, भाव थोडा अधिक असला तरी तीच घ्यावी. कापडात मीटर आणि गज यांची गल्लत केली तर जे होईल तेच इथे होते.

त्यातही आयुष्य हवे असेल तर निम्मीच वापरावी. १८०० चे निम्मे ९००. इन्व्हर्टर स्वतः काही भाग खातो, ते पंधरा टक्के धरले तर हाती सुमारे ७६५ उरतात. आमच्या दुकानात सहा एलईडी ट्यूब, दोन पंखे आणि बिलाचा संगणक मिळून ३३० वॅट लागतात. म्हणजे सव्वादोन तास. विकणाऱ्याने आम्हाला पाच तास सांगितले होते.

याच हिशेबाने यंत्रमागवाल्या बंधूंनी एक स्वप्न सोडून द्यावे. एका मागाला एक हॉर्सपॉवरची मोटर धरली तर ७४६ वॅट. चोवीस मागांना सुमारे १८ किलोवॅट. एक तास चालवायला १८ युनिटे. निम्म्या वापराच्या ट्युब्युलर बॅटऱ्या कागदावरच वीस होतात, आणि तासाभरात ओढायचे म्हटले तर त्या वीसही पुरणार नाहीत. बॅटरी दिवा, पंखा, संगणक आणि काही शिलाई मशीनसाठी आहे. मागासाठी नाही.

निकेल

हिचा हिशेब लवकर उरकतो. निकेल-कॅडमियम बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली काढली. पूर्ण रिकामी ठेवली तरी न रुसणारी, हवी तेवढी वीज झटकन देणारी, अशी ही मजबूत जात. जुन्या बिनवायरच्या ड्रिल मशीनमध्ये हीच असे. पण कॅडमियम हे जहर आहे, आणि युरोपने २००६ च्या कायद्याने सामान्य वापरातून ती हळूहळू काढून टाकली. अर्धवट वापरून पुन्हापुन्हा भरली तर तेवढीच क्षमता तिच्या "लक्षात" राहते, अशी खोडही तिला आहे.

तिची जागा निकेल-मेटल हायड्राइडने घेतली. पेन्सिल सेलच्या आकाराचे जे चार्जिंगचे सेल मिळतात ते बहुधा हेच. १.२ व्होल्टचे असतात, साध्या सेलसारखे १.५ व्होल्टचे नसतात. भिंतीवरच्या घड्याळात घालू नयेत, तिथे साधा सेलच परवडतो. बिनवायरचा माइक, कॅमेऱ्याचा फ्लॅश, मुलांची खेळणी यांत मात्र ते आपली किंमत काही महिन्यांत वसूल करून देतात. जुन्या पद्धतीचे सेल न वापरताही महिन्याला वीस-तीस टक्के आपोआप उतरतात. २००५ नंतर कमी उतरणारे सेल निघाले, पाकिटावर "लो सेल्फ डिस्चार्ज" असे लिहिलेले असते. तेच मागावेत.

लिथियम : एक नाव, अनेक जाती

१९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. ज्यांच्या संशोधनावर ती उभी राहिली त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या खिशातला मोबाइल याच बॅटरीवर चालतो.

बाजारात मात्र "लिथियम आहे साहेब" एवढेच सांगितले जाते. हे म्हणजे नुसते "सुती आहे" म्हणून कापड विकण्यासारखे झाले. कोणत्या काउंटचे, किती पन्ह्याचे, हे कोण सांगणार? लिथियममध्ये आपल्या कामाच्या जाती मुख्यतः दोन. पहिली एनएमसी, म्हणजे निकेल, मॅंगनीज आणि कोबाल्टवाली. एका सेलला ३.६ ते ३.७ व्होल्ट. किलोमागे १५० ते २५० वॅट-तास वीज साठवते, शिशाची बॅटरी जेमतेम ३० ते ४० साठवते. हलकी म्हणून अनेक स्कूटरमध्ये हीच असते. दुसरी एलएफपी, म्हणजे लिथियम, लोह आणि फॉस्फेटवाली. एका सेलला ३.२ व्होल्ट, चार सेल मिळून १२.८. वजनाच्या मानाने ती एनएमसीपेक्षा कमी साठवते, पण दोन गोष्टींत तिच्या पुढे आहे. एक, हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. दोन, ती सहजासहजी भडकत नाही. एनएमसीचा सेल सुमारे २१० अंशांना आतून पेटू लागतो, एलएफपीचा सुमारे २७० अंशांना, आणि तोही कमी जोराने. दुकान-कारखान्यात एका जागी ठेवायच्या बॅटरीला वजनाची फिकीर नसते. तिथे एलएफपीच घ्यावी आणि बिलावर ते नाव लिहून घ्यावे, असा आमचा सल्ला आहे.

एलएफपी ८० टक्के वापरली तरी चालते. म्हणजे १०० एएचची ही बॅटरी १०२४ वॅट-तास देते, शिशाच्या १५० च्या निम्म्यापेक्षा जास्तच. दीडशेची ट्युब्युलर अॅसिडसह पन्नास-साठ किलो भरते, ही दहा-तेरा किलो. ट्युब्युलर भरायला दहा-बारा तास लागतात, ही योग्य चार्जर असेल तर तीन-चार तासांत भरते. दिवसातून तीन वेळा वीज जात असेल तर या एका गोष्टीने फरक पडतो, कारण शिशाची बॅटरी त्या गावात कधी पूर्ण भरतच नाही आणि अर्धपोटी राहून मरते.

मग सगळ्यांनी लिथियमच घ्यावी काय? इथे व्यापाऱ्याची बुद्धी लावावी. हिशेबापुरते धरा की ट्युब्युलर १५,००० ला आली आणि भंगारात ३,००० परत मिळाले, म्हणजे खर्च १२,०००. एलएफपी धरा ३५,००० ला. जिथे रोज दोन-तीन तास वीज जाते तिथे ट्युब्युलर निम्म्या वापराने हजार वेळा चालली तर तीन वर्षांच्या आत संपेल. ती दर वेळी ०.९ युनिट देते, म्हणजे एका युनिटाला सुमारे १३ रुपये. एलएफपी ३,००० वेळा चालली आणि दर वेळी एक युनिट दिले तर एका युनिटाला पावणेबारा रुपये. शिवाय शिशाच्या बॅटरीत भरलेल्या विजेचा बराच भाग उष्णता होऊन जातो, लिथियममध्ये फार थोडा. तिथे लिथियम जिंकते.

आता जिथे वीज आठवड्यातून दोनदाच जाते ते दुकान घ्या. वर्षाला शंभर वेळा वापर. ट्युब्युलर वापराने नाही, वयाने मरेल. चार वर्षे धरली तर वर्षाला ३,००० रुपये. एलएफपीसुद्धा वयाने थकते, दहा वर्षे धरली तर वर्षाला ३,५००, आणि ३५,००० रुपये आज अडकले ते वेगळेच. त्या पैशात कापडाचे तागे येतात, ते वर्षात चार वेळा फिरतात. तिथे आम्ही शिशाचीच बॅटरी घेऊ. आपापले भाव घालून हा हिशेब प्रत्येकाने मांडावा. जीएसटीची गोष्ट आता मध्ये येत नाही. पूर्वी शिशाच्या बॅटरीवर २८ टक्के आणि लिथियमवर १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्केच आहे.

माल वाहणाऱ्या ई-रिक्षाचा न्याय वेगळा. तिथे चार शिशाच्या बॅटऱ्या रोज पूर्ण पिळल्या जातात आणि वर्ष-दीड वर्षात बदलाव्या लागतात. त्यांचे शंभर किलोंहून अधिक ओझे रिक्षा दिवसभर विनाकारण वाहते. तितक्या वजनाच्या कापडाच्या गाठी वाहिल्या तर भाडे मिळेल. तिथे एलएफपीला तोड नाही.

लिथियमची एक अट आहे. तिच्या पोटात बीएमएस नावाचे एक सर्किट असते. ते प्रत्येक सेलवर नजर ठेवते, जास्त भरू देत नाही, जास्त रिकामी होऊ देत नाही. चार सेलच्या एलएफपीची कमाल मर्यादा १४.६ व्होल्ट. आमच्या शेजारच्या दुकानदाराने जुन्याच इन्व्हर्टरवर लिथियम बसवली. इन्व्हर्टर ट्युब्युलरच्या सवयीने त्यापेक्षा वर चढवू लागला, बीएमएस तोडू लागले, आणि इन्व्हर्टर "बॅटरी नाही" म्हणून शिट्टी वाजवू लागला. ते आठ दिवस बॅटरीवाल्याशी भांडत होते. बॅटरी निर्दोष होती, जोडी चुकली होती. इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग असेल तरच ती बसवावी, नाही तर इन्व्हर्टरचा खर्चही हिशेबात धरावा. सुटे सेल जोडून, वर प्लास्टिक गुंडाळून, बीएमएसशिवाय विकला जाणारा माल फुकट मिळाला तरी घेऊ नये.

गोदाम आणि आग

शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होतो. म्हणून तिला बंद कपाटात, कापडाच्या गठ्ठ्यांमागे कोंडू नये. टर्मिनलवर पांढरा-हिरवा "कार्बन" साचू देऊ नये, सैल टर्मिनलच ठिणगी टाकते. पाणी घालताना डिस्टिल्डच घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांना खातात.

लिथियमची आग याहून वाईट. एक सेल पेटला की शेजारच्याला पेटवतो, आणि धूर विषारी असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला विजेच्या स्कूटरच्या शोरूममधून उठलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरला आणि आठ माणसे दगावली. त्याच वर्षी स्कूटरांना आगी लागण्याचे अनेक प्रकार झाल्यावर सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची जुनी स्कूटर कोणी स्वस्तात देत असेल तर हे लक्षात ठेवावे.

ही बातमी वाचली तेव्हा आमच्या गोदामाचा नकाशा आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. खाली कापडाच्या गाठी, जमिनीवर तूस, वर माळ्यावर झोपणारे चार कामगार, उतरायला एकच लाकडी जिना. आणि त्या जिन्याखाली आमचा भाचा रोज रात्री स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावून घरी जात असे! आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, आजपासून इथे नाही." तो म्हणाला, "मामू, कंपनीची बॅटरी आहे, काही होत नाही." त्याचे म्हणणे बहुतेक दिवशी खरे ठरेल. पण वरची चार माणसे आम्ही त्या एका दिवसावर टाकू शकत नाही. तुमच्याही कारखान्यात असा जिना असेल तर आजच रात्री पाहून घ्या. बॅटरी फुगली, पडली, पाण्यात भिजली किंवा हात ठेववत नाही इतकी गरम होत असेल तर ती पुन्हा चार्ज करू नये. धूर दिसला तर आधी माणसे बाहेर काढावीत, माल नंतर.

जुन्या बॅटरीबद्दल एक तक्रार आमची आपल्याच लोकांकडे आहे. चार पैसे जास्त देतो म्हणून आपण शिशाची बॅटरी गल्लीतल्या भंगारवाल्याला देतो. तो मोहल्ल्यातच ती फोडतो, अॅसिड गटारीत ओततो, शिसे शेगडीवर वितळवतो, आणि तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो. शिशाने मुलांच्या मेंदूला कायमची इजा होते. केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत शिसे, निकेल, लिथियम सर्व बॅटऱ्या येतात आणि त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी त्याच विक्रेत्याला द्यावी आणि बिलात तिची वजावट दाखवून घ्यावी. लिथियमच्या भंगाराला अजून शिशासारखा पक्का भाव नाही, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असू द्यावे.

वॉरंटीबद्दल दोन शब्द. "३६ अधिक २४" असे लिहिलेले असते, तेव्हा पहिले ३६ महिनेच बदली बॅटरी फुकट मिळते. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर फक्त सूट मिळते, आणि ती बहुधा छापील किमतीवर मोजतात. बाजारात माल छापील किमतीखाली विकला जात असल्याने हाती फारसे काही लागत नाही. तेव्हा भावाची घासाघीस ३६ वर करावी, साठवर नको.

आमच्यापुरते सांगायचे तर बाजारातल्या दुकानात आम्ही ट्युब्युलरच ठेवली, फक्त पोटमाळ्यावरून खाली, मागच्या खिडकीपाशी आणली. आमच्या मेहुण्यांच्या शिलाईच्या कारखान्यात वीज रोज जाते, तिथे त्यांना एलएफपी आणि तिच्या जोडीचा इन्व्हर्टर घ्यायला लावला. भाच्याने दोन दिवस तोंड फुगवले. तिसऱ्या दिवशी अंगणात पत्र्याच्या सावलीला, भिंतीपासून दूर, अर्थिंगसकट वेगळा प्लग बसवून घेतला. इलेक्ट्रिशियनने त्याचे साडेसातशे रुपये घेतले. ते आम्ही दिले.